भार कुठे जातो? : रॉक स्लायडरची निवड आणि बसवणी

२०२० साली नवी थार आली, २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी, २०२४ मध्ये थार रॉक्स. फोर-बाय-फोर गाडी हौशी मंडळींच्या क्लबातून निघून सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली आणि तिच्या मागोमाग अ‍ॅक्सेसरीजचा बाजारही आला. जाड टायर, विंच, एलईडी बार, स्नॉर्कल या भाऊगर्दीत दाराखाली बसणारी लोखंडी नळी, म्हणजे रॉक स्लायडर, सगळ्यात कमी मिरवते. गैरसमज मात्र तिच्याबद्दलच सगळ्यात जास्त. कोणी ती चढायची पायरी म्हणून बसवतो, कोणी गाडी भारदस्त दिसावी म्हणून, कोणी मित्राने बसवली म्हणून. जाडी, डिझाइन, रंग, कंपन्यांची नावं यांचा घोळ मोठा आहे. पण निवडीचे सगळे प्रश्न शेवटी एकाच प्रश्नाला येऊन मिळतात: गाडीचं वजन दगडावर टेकलं, तर तो भार जातो कुठे?

पायरी वेगळी, स्लायडर वेगळा

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, दारांच्या खाली, पत्र्याची एक आडवी पेटी असते. दारांच्या पुढचे-मागचे खांब तिच्यावरच उभे असतात. बंपर फुटला तर नवा मिळतो, दार चेपलं तर दार बदलता येतं. ही पेटी मात्र नट-बोल्ट काढून सुटत नाही. ती आत गेली की आधी दार घासायला लागतं, मग दाराची फट बिघडते, आणि डेंटिंगवाल्याला कापून, नवा तुकडा जोडून, अख्खी बाजू रंगवावी लागते. स्लायडरचं काम या पेटीला दगड लागू न देण्याचं. दगडाचा भार नळीने घ्यायचा, पायांनी चासीकडे न्यायचा आणि गाडी दगडावरून पुढे सरकू द्यायची.

साइड स्टेपचं गणित निराळं आहे. तिच्यावर एक माणूस उभा राहणार, म्हणजे फार तर शंभर किलो. तेवढ्यासाठी पातळ पट्ट्यांचे ब्रॅकेट पुरतात आणि ते अनेकदा बॉडीच्या पत्र्यालाच बोल्ट केलेले असतात. अशी स्टेप दगडावर आपटली की वर वळते आणि ज्या पेटीला वाचवायचं तिच्यातच घुसते. कुंपणाने शेत खाल्ल्याचा हा सरळसरळ नमुना. वरून पाहिलं तर चांगली स्टेप आणि चांगला स्लायडर सारखेच दिसतात, दोन्ही काळे, दोन्ही चकचकीत. फरक खाली वाकल्यावरच कळतो.

या वस्तूची गरज जिथे ठळक झाली ते प्रदेश म्हणजे कॅलिफोर्नियातली रुबिकॉन ट्रेल आणि युटातला मोआबचा खडकाळ मुलूख. तिथे दगडांवरून गाडी अक्षरशः रांगत नेतात. जीपने त्याच ट्रेलचं नाव दिलेल्या रँग्लर रुबिकॉनला असे रेल कारखान्यातूनच मिळतात, आणि ही रँग्लर २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगावला जुळवली जाऊ लागली. आपल्याकडच्या बाकीच्या गाड्यांना मात्र बहुधा बाहेरच्या फॅब्रिकेटरचा किंवा तयार किट विकणाऱ्याचा दरवाजा ठोठावावा लागतो.

तुम्हाला खरंच हवा का?

स्लायडरची गरज दोन गोष्टींवर ठरते: गाडीची लांबी आणि तुमचे रस्ते.

उंचवट्यावरून जाताना पुढची चाकं पलीकडे उतरली आणि मागची अजून अलीकडेच असली, की गाडीचं पोट टेकण्याचा धोका असतो. हा धोका मोजतात तो ब्रेकओव्हर अँगल. तीन दारांच्या जिम्नीत दोन चाकांमधलं अंतर २२५० मिलिमीटर आणि हा कोन २८ अंश. भारतात मिळणाऱ्या पाच दारांच्या जिम्नीत अंतर २५९० मिलिमीटर आणि कोन २४ अंश. गाडी तीच, चाकं तीच, फक्त मधला भाग लांबला आणि चार अंश गेले. थारच्या २४५० मिलिमीटरवरून रॉक्स २८५० वर गेली आहे, म्हणजे तब्बल ४०० मिलिमीटरची भर. मागच्या सीटवर ऐसपैस बसण्याची ही किंमत आहे आणि ती दाराखालच्या पत्र्याने मोजायची आहे. छोट्या गाडीला स्लायडर सोयीचा. लांब गाडी दगडात न्यायची असेल तर तो जवळजवळ अनिवार्य.

आता रस्ते. कोकण-गोव्याच्या लाल चिखलात, जिथे ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’सारख्या स्पर्धा ऐन पावसाळ्यात होतात, गाडी अडते ती टायरची पकड सुटल्यामुळे. तिथे आधी टायर, मग टोइंगचे मजबूत हुक, मग दोर. झाडाच्या बुंध्याला किंवा चरीच्या भिंतीला गाडी घासली तरच स्लायडर कामाला येतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, कोरड्या नदीपात्रातल्या गोट्यांत, घाटातल्या जुन्या बैलगाडीवाटांवर किंवा लडाख-स्पितीच्या नाल्यांत त्याची खरी कसोटी लागते. आणि वर्षातून एकदा माथेरानच्या पायथ्याला जाणारी गाडी असेल, तर त्या पैशांत चांगले टायर घेणं शहाणपणाचं.

नळी: जाडीआधी व्यास

दुकानात पहिला प्रश्न येतो ‘किती एमएमचा पाइप?’ प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. नळी वाकण्याला किती विरोध करेल हे जाडीपेक्षा व्यासावर जास्त अवलंबून असतं. बाजारात ज्याला सव्वा इंची पाइप म्हणतात त्याचा बाहेरचा व्यास ४२.४ मिलिमीटर, दीड इंचीचा ४८.३. जाडी दोन्हींची ३.२ मिलिमीटर ठेवली, तर दीड इंचीचं वजन सुमारे १५ टक्के वाढतं, पण वाकण्यापुरती ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने. उलट दीड इंचीचीच जाडी ३.२ वरून ४ केली, तर वजन २३ टक्के वाढतं आणि ताकद त्याहून कमी, सुमारे १९ टक्के. जाडीचाही उपयोग आहे: टोकदार दगडाने नळीला खळगा पडू नये म्हणून ती हवी. तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, हा साधा नियम. पण निव्वळ जाडी सांगून कोणी पाइप विकत असेल, तर व्यास विचारावा.

इथे एक गफलत होते. आपला पाइप आतल्या भोकाच्या नाममात्र मापाने ओळखला जातो, तर अमेरिकेत स्लायडरची ट्यूब बाहेरच्या व्यासाने मोजतात. तिकडच्या लेखांत येणारी पावणेदोन इंची ट्यूब म्हणजे बाहेरून ४४.५ मिलिमीटर, आपल्या दीड इंची पाइपपेक्षाही बारीक. आकडा वाचून थेट फॅब्रिकेटरला सांगितला की भलतंच माप घरी येतं.

त्याहून महत्त्वाचं आहे ते पोलाद. फॅब्रिकेशनच्या दुकानात सहज मिळतो तो ‘बी क्लास’ किंवा ‘सी क्लास’ पाइप, म्हणजे आयएस १२३९ या मानकाचा. तो मुळात पाण्यासारख्या गोष्टी वाहून नेण्यासाठी. बांधकामाच्या नळ्यांसाठी आयएस ११६१ हे वेगळं मानक आहे आणि त्यात वायएसटी २१०, २४०, ३१० अशा प्रती असतात. आकडा सांगतो की दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताणापर्यंत नळी कायमची वाकणार नाही. गाडीचा भार पेलायचा आहे, पाणी वाहायचं नाही. तेव्हा ३१० ची प्रत किंवा चांगली सीमलेस नळी मागावी. जीआय, म्हणजे जस्ताचा थर असलेला पाइप, स्लायडरला नकोच. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळून त्याचा धूर कारागिराला ताप आणतो आणि जोडात बुडबुडे राहतात.

चौकोनी नळीही चालते. ती चासीला सपाट बसते आणि कापायला, जोडायला सोपी. मात्र बाहेरची, दगडाला लागणारी नळी गोल असलेली बरी. चौकोनाची धार दगडात अडकते, गोल नळी घसरते. अ‍ॅल्युमिनियम हलकं असलं तरी मऊ. ते दगडावर सरकण्याऐवजी त्याला चावतं. ज्या वस्तूच्या नावातच सरकणं आहे तिला हे परवडत नाही.

पाय: खरी परीक्षा इथे

विक्रेत्याच्या फोटोत नेहमी बाहेरची नळी दिसते. भार मात्र पायांतून जातो, आणि पहिल्यांदा वाकतात तेही पायच. एक ढोबळ हिशोब करून पाहू. माणसं-सामान धरून गाडी १८०० किलोची. एका पायरीसारख्या दगडावरून उतरताना एका बाजूचं सगळं वजन, म्हणजे ९०० किलो, स्लायडरवर आलं. बाहेरची नळी चासीपासून २५० मिलिमीटर दूर आहे. चासीजवळ पायांना मुरड घालणारा जोर होतो सुमारे २२०० न्यूटन-मीटर. तीन पाय असतील आणि भार सारखा वाटला गेला, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ७३५. दीड इंची, ३.२ मिलिमीटरच्या नळीत त्यामुळे दर चौरस मिलिमीटरला सुमारे १५४ न्यूटनचा ताण येतो. दोनच पाय असतील तर हाच ताण २३० च्या आसपास. वायएसटी २१० तिथेच वाकली, २४० काठावर.

हा झाला हळूच टेकलेल्या गाडीचा हिशोब. अचानक आलेला भार शांतपणे ठेवलेल्या भाराच्या दुप्पट ताण देतो, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचं पाठ्यपुस्तक सांगतं. म्हणजे तीन पायांचा ताणही ३०८ वर जातो आणि वायएसटी ३१० चीच जेमतेम निभावते. शिवाय दगड तिन्ही पायांच्या मधोमध येण्याइतका मनमिळाऊ नसतो. म्हणून छोट्या गाडीला प्रत्येक बाजूला किमान तीन पाय, रॉक्ससारख्या लांब गाडीला चार, आणि पाय जिथे चासीला मिळतो तिथे त्रिकोणी गसेट, म्हणजे आधाराची पट्टी. बाहेर जाणारं अंतर जितकं कमी तितकं चांगलं. पायरी म्हणून सोय व्हावी यासाठी नळी आणखी शंभर मिलिमीटर बाहेर काढली, तर मुरडीचा जोर ४० टक्क्यांनी वाढतो.

आकाराबद्दल तीनच गोष्टी पाहायच्या. एक, पाय चासीच्या खालच्या कडेपेक्षा खाली लोंबू नयेत. जमिनीपासूनची उंची वाचवायला घेतलेल्या वस्तूनेच ती खाऊ नये. दोन, पाय आडवे की वर उचललेले? आडवा स्लायडर पायरीला बरा. दहा-वीस अंश वर उचललेला बाहेरच्या बाजूची उंची वाढवतो आणि दगडाला वरच्या कडेपर्यंत पोचू देत नाही. तीन, मागच्या चाकापुढे नळी थोडी बाहेर वळवलेली असावी. अरुंद वळणावर झाडाला किंवा कातळाला ती टेकवून गाडीची मागची बाजू बाहेर ढकलता येते आणि मागचं मडगार्ड वाचतं.

वेल्डिंग की बोल्ट?

यावर दोन तट आहेत आणि दोघांचंही म्हणणं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. चांगलं वेल्डिंग केलेला स्लायडर कधी सैल होत नाही, खडखडत नाही. पण तो काढताही येत नाही, चासीवर कायमचा डाग राहतो आणि वॉरंटीवाल्याला बोलायला जागा मिळते. शिवाय वेल्डिंग कोण करतो यावर सगळं अवलंबून. ग्रिल-गेट बनवणाऱ्याचा हात आणि चासीवर काम करणाऱ्याचा हात यांत जमीन-अस्मानाचा फरक.

वेल्डिंग करायचंच तर नळी थेट चासीला जोडायची नाही. मध्ये ५-६ मिलिमीटरची प्लेट हवी, पायापेक्षा चांगली ऐसपैस, कोपरे गोलवलेली. भार मोठ्या जागेवर पसरावा म्हणून ही प्लेट. तिच्या आडव्या कडा, म्हणजे चासीच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या, वेल्ड कराव्यात. चासीच्या उंचीभर उभा वेल्ड मारू नये. चासी रस्त्यावर सतत वाकत-सुटत असते आणि अशा उभ्या रेषेवर तडा सुरू होतो.

बोल्टचा स्लायडर काढता येतो, विकता येतो, दुरुस्त करता येतो. नव्या, वॉरंटीतल्या गाडीला माझं मत त्याच बाजूला आहे, अट एवढीच की किट त्या गाडीसाठीच बनलेलं असावं आणि कंपनीने ठेवलेल्या भोकांचा वापर करणारं असावं. बोल्ट तुटण्याची भीती अवाजवी आहे; ८.८ प्रतीचा एम-१२ बोल्ट पाच टनांच्या आसपासचा ताण सहन करतो. कमकुवत कडी दुसरीकडे असते. बंद पेटीसारख्या चासीत आरपार बोल्ट घालून जोरात आवळला की भिंती आत दबतात. म्हणून आत जाड नळीचा तुकडा, म्हणजे स्लीव्ह, हवाच. दुसरी कडी रंगाची. जाड पावडर कोटिंग दोन प्लेटांमध्ये दाबलं गेलं की हळूहळू चेपतं आणि बोल्टचा ताण उतरतो. जिथे प्लेट चासीला भिडते तिथला थर पातळ हवा, आणि पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. यू-बोल्टने चासीला मिठी मारणारे किट शेवटचा पर्याय: आडव्या धक्क्याने ते गोल फिरू शकतात.

एक्सयूव्ही ७०० किंवा ग्रँड विटारासारख्या गाड्यांना वेगळी चासीच नसते. बॉडी हाच सांगाडा. तिथे ‘भार जातो कुठे?’ या प्रश्नाचं उत्तरच मिळत नाही, कारण भार ज्या पत्र्यापासून दूर न्यायचा त्यालाच तो द्यावा लागतो. अशा गाडीला ‘रॉक स्लायडर’ विकणारा तुम्हाला पायरी विकतोय.

गॅरेजमधला दिवस

कामाच्या दिवशी गाडी वर घेतल्यावर आधी ग्राइंडर नाही, टॉर्च हातात घ्यायची. चासीच्या आतल्या बाजूने ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या आणि वायरिंगचा हार्नेस जातो. कुठे टाकी, कुठे सायलेन्सर. पाय बसणार त्या जागेच्या मागे हात घालून काय आहे ते बोटांनी चाचपून पाहायचं. वेल्डिंग असेल तर बॅटरीची दोन्ही टोकं काढायची, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायचा, म्हणजे करंट गाडीभर हिंडून ईसीयूला भेटायला जाणार नाही. ओलं गोणपाट आणि अग्निशामक हाताशी, आणि एक माणूस फक्त ठिणग्यांवर नजर ठेवायला.

मग नळी जागेवर धरून दोन-दोन टाके. इथे घाई करणारा कारागीर ओळखावा. टाके मारल्यावर चारही दारं उघडून-मिटून बघायची, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर नळीच्या टोकाला लागतो का ते बघायचं. पुढे मोठे टायर घालणार असाल तर त्यांच्या मापाने. नळी आणि पत्र्यात बोट-दोन बोटं फट हवीच, कारण बॉडी चासीवर रबरी माउंटवर बसलेली असते आणि खडबडीत वाटेवर दोघं वेगवेगळ्या डुलतात. जॅक लावायची कंपनीची जागा झाकली गेली नाही ना, हेही आत्ताच. एकदा पूर्ण वेल्ड झाला की हे सगळे प्रश्न महागतात.

जळालेल्या जागी आतून-बाहेरून झिंक प्रायमर आणि चासीच्या पोकळीत मेणाचा फवारा. हे काम कोणाला दिसत नाही म्हणून टाळलं जातं आणि दोन पावसाळ्यांनी गंज ते दाखवून देतो.

कायदा, विमा आणि वजन

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतं. डिसेंबर २०१७ चं केंद्राचं पत्रक बुल बार आणि क्रॅश गार्डबद्दल होतं, स्लायडरबद्दल नव्हे. पण नाक्यावरच्या हवालदाराकडून या बारकाव्याची अपेक्षा धरू नये. निर्मात्याची अधिकृत अ‍ॅक्सेसरी मिळत असेल तर ती सुरक्षित, बिल जपून ठेवावं आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. नळी टायरच्या बाहेर येऊ देऊ नये. शहरात शेजारून दुचाकी जात असते. साइड एअरबॅग असलेल्या गाडीत बाजूचे सेन्सर दारांत आणि मधल्या खांबापाशी असतात. त्यांच्या आसपास भोक पाडणं किंवा वेल्ड मारणं, दोन्ही निषिद्ध.

वजनाचा विचारही करावा. दोन नळ्या, पाय आणि प्लेट मिळून एक जोडी सहज ४० ते ५० किलो होते. जिम्नीचं रिकामं वजन सुमारे १२०० किलो आणि कमाल वजन १५४५. म्हणजे माणसं आणि सामानासाठी असलेल्या साडेतीनशे किलोंपैकी सातवा-आठवा हिस्सा स्लायडरनेच घेतला. दिलासा एवढाच की हे वजन खाली बसतं, त्यामुळे छतावरच्या कॅरिअरने डोलते तशी गाडी डोलत नाही.

पारख

बसवून झाल्यावर परीक्षा एकच: सपाट जमिनीवर, चाकांना दगड लावून, फार्म जॅकने नळीच्या मधोमध गाडीची ती बाजू हळूहळू उचलायची. गाडीखाली कोणी जायचं नाही. नळी पत्र्याच्या दिशेने किती सरकते हे दाराखालच्या फटीतून दिसतं. उतरवल्यावर फट होती तेवढीच झाली पाहिजे. कायमची कमी झाली, तर स्लायडर नापास. डोंगरात कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

पुढची निगा सोपी आहे. दगडाने रंग खरवडला जाणारच, त्यासाठीच तो बसवला आहे. पावडर कोटिंग दिसायला देखणं, पण ओरखड्याखालून गंज पसरतो आणि वरून कळत नाही. साधा काळा रंग घरच्या घरी ब्रशने परत मारता येतो, म्हणून रोज दगडात जाणाऱ्याला तोच बरा. नळ्यांची टोकं बंद आणि पाणी निघायला खाली बारीक भोक, एवढं पाहिलं की पुरे. समुद्रकाठच्या गाडीने प्रत्येक पावसाळ्यानंतर प्लेटच्या मागे एकदा टॉर्च मारावी.

तेव्हा खरेदीचा क्रम असा: आधी रस्ते, मग गाडीला चासी आहे का, मग पायांची संख्या आणि चासीवरच्या प्लेट, मग नळीचा व्यास आणि प्रत, आणि रंग सगळ्यात शेवटी. विक्रेत्याकडे नळीचा फोटो मागू नका, खालून काढलेला पायांचा मागा. तो नसेल, किंवा ‘खालचं कोण बघतं साहेब’ असं उत्तर आलं, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावं.